नको तेच विचार डोक्यात का येतात, आणि आले तर त्यांचं काय करायचं?

पाऊलवाट

फलाटावर गाडी आत शिरतेय आणि शेजारच्या अनोळखी माणसाला ढकलून दिलं तर? हातात सुरी आहे आणि घरचंच कुणी पाठमोरं उभं आहे. चारचौघांत गंभीर बोलणं चाललंय आणि आपण एकदम काहीतरी अर्वाच्य ओरडलो तर? असले विचार बहुतेकांना कधी ना कधी चाटून जातात. बोलत मात्र कुणी नाही, आणि त्यामुळे ज्याला त्याला वाटतं की हे फक्त माझ्याच डोक्यात शिजतंय.

म्हणून हा धागा. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. या त्रासातून गेलोय, त्या निमित्ताने बरंच वाचलंय, त्यातलं कामाचं इथे मांडतो.

१९७८ साली स्टॅनली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी कुठलाही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारलं, की असे नकोसे विचार तुमच्या मनात आपसूक येतात का? सुमारे ८० टक्के लोक हो म्हणाले. मग त्यांनी या लोकांचे विचार आणि ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या रुग्णांचे विचार शेजारी शेजारी ठेवले. मजकुरात फारसा फरक नव्हता. कुठला विचार रुग्णाचा आणि कुठला धडधाकट माणसाचा, हे जाणकारांनाही नीट ओळखता आलं नाही. पुढे २०१४ मध्ये सहा खंडांतल्या १३ देशांमधल्या ७७७ विद्यार्थ्यांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. गेल्या तीन महिन्यांत निदान एक तरी असा विचार येऊन गेला, असं सांगणारे जवळजवळ ९४ टक्के निघाले.

मग फरक कशात होता? रुग्णांना ते विचार वारंवार येत होते, जास्त वेळ टिकत होते, जास्त छळत होते आणि त्यांना घालवायला रुग्ण जास्त धडपडत होते. माझा सगळा रोख या शेवटच्या गोष्टीवर आहे.

१९८५ मध्ये पॉल साल्कोव्हस्किस यांनी असं मांडलं की भलतेसलते विचार येणं हा मनाचा रोजचा व्यवहार आहे, घोटाळा होतो तो अर्थ लावताना. एकाला सुरीचा विचार येतो, ‘काय वाट्टेल ते सुचतं’ म्हणत तो हातातलं काम पुढे चालू ठेवतो. दुसऱ्याला तोच विचार येतो आणि तो तिथेच थबकतो. मला हे सुचलंच कसं? म्हणजे माझ्यात कुठेतरी तसं दडलेलं आहे का? आणि आता हे कळूनही मी काही केलं नाही आणि काही विपरीत घडलं, तर दोष माझाच. मग सुरी कपाटात जाते, कपाटाला कुलूप लागतं, घरात एकटं कुणाबरोबर थांबायचं नाही असं ठरतं. यातली प्रत्येक खबरदारी मनाला एकच गोष्ट शिकवते, की धोका खरा होता.

विचार आणि कृती यांची ही सरमिसळ दोन तऱ्हांची असते. काहींना वाईट विचार येणं म्हणजे ते कृत्य केल्याइतकंच पाप वाटतं. काहींना वाटतं की मनात आलं म्हणजे आता ते घडण्याची शक्यता वाढली. पुष्कळांच्या बाबतीत दोन्ही हातात हात घालून येतात.

आता विचार दाबण्याबद्दल. डॅनियल वेग्नर यांचा १९८७ सालचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल. लोकांना सांगितलं की पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोला, पण पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. खरी गंमत पुढची आहे. नंतर ‘आता खुशाल अस्वलाचा विचार करा’ असं सांगितल्यावर, आधी दाबायला सांगितलेल्या लोकांच्या मनात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. वेग्नर यांचा पुढचा सिद्धांत असा, की एखादा विचार टाळायचा तर मनाचा एक भाग सतत पहाऱ्यावर ठेवावा लागतो, तो आलाय का हे बघायला. आणि ज्याची वाट बघत पहारा द्यायचा, त्याची आठवण त्या पहारेकऱ्याला ठेवावीच लागते.

अस्वलाचं ठीक आहे. त्याच्या जागी स्वतःच्या मुलाला इजा करण्याचा विचार ठेवून बघा. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की असा विचार आला तर येऊ द्या, त्याच्याशी झगडू नका, सोडून द्या.

तुमचे अनुभव लिहा. विचारात नेमकं काय येतं हे लिहिलंच पाहिजे असं नाही.

रातकिडा

हा आयडी आत्ताच काढला, नेहमीच्या नावाने लिहायची हिंमत नाही.

मला प्रार्थना करताना शिव्या येतात. साध्यासुध्या नाहीत. ज्याला सगळ्यात जास्त मानतो त्याच्याबद्दलच, आणि डोळ्यांपुढे चित्रंही येतात. मग पहिल्यापासून सुरू करतो. पुन्हा आल्या की पुन्हा पहिल्यापासून. घरच्यांना वाटतं याची श्रद्धा फार. खरं तर अलीकडे मी प्रार्थनेच्या वेळेलाच घाबरतो.

जवळजवळ ९४ टक्के हा आकडा वाचून जरा बरं वाटलं. पण लगेच पुढचा विचार आला, की त्या लोकांना येत असतील ते एवढे घाण नसतील.

पाऊलवाट

रातकिडा, लिहिलंत हे बरं केलंत. तुमचं शेवटचं वाक्य मीही म्हणून झालोय. ‘बाकीच्यांचं ठीक, माझं प्रकरण वेगळं’ हा या त्रासातला सगळ्यात ठरीव संशय आहे.

आणि श्रद्धेच्या क्षेत्रातला हा त्रास फार जुना आहे. तुम्हाला तो प्रार्थनेत होतो, कारण प्रार्थना तुम्हाला महत्त्वाची आहे. ज्याला तिचं काहीच पडलेलं नाही त्याला शिवी सुचली तरी लक्षातसुद्धा राहणार नाही. हे विचार माणसाच्या सगळ्यात हळव्या जागी बोट ठेवतात. प्रेमळ आईला मुलाला इजा करण्याचे, सरळमार्गी माणसाला लैंगिक, काळजीपूर्वक गाडी चालवणाऱ्याला अपघाताचे.

उलटतपासणी

माहिती चांगली आहे, पण निष्कर्षाची घाई होतेय असं वाटतं. बहुतेकांना असे विचार येतात म्हणून ते निरुपद्रवी, हे कसं? जे लोक खरोखर हिंसा करतात त्यांच्याही मनात आधी विचार आलेलाच असतो. जे आत्महत्या करतात त्यांच्याही. ‘येऊ द्या, सोडून द्या’ हा सल्ला चुकीच्या माणसाच्या हाती पडला तर? इथे वाचणारा नेमका कोण आहे हे आपल्याला कुठे माहीत आहे?

मध्यमा

उलटतपासणी, आक्षेप रास्त आहे. मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. यावरून कुणाचंही निदान करू नये.

विचारात काय आहे यापेक्षा त्या विचाराशी माणसाचं नातं कसं आहे, हे आम्ही आधी बघतो. अनाहूत विचाराने माणूस हादरतो. तो विचार त्याच्या मूल्यांच्या थेट विरुद्ध असतो. त्याला तो नको असतो, त्यात सुख नसतं, आणि ते घडू नये म्हणून तो गरजेपेक्षा किती तरी जास्त खबरदारी घेत असतो. ज्याच्याकडून खरा धोका असतो त्याच्या बोलण्यात बहुधा राग असतो, सूड असतो, ‘त्याची तीच लायकी’ असं समर्थन असतं, कधी योजना असते. असा माणूस सुरी कपाटात कुलूपबंद करून किल्ली बायकोकडे देत नाही.

आत्महत्येबाबत मात्र जास्त सावध राहायला हवं. कड्यावर किंवा उंच गच्चीवर उभं असताना ‘उडी मारली तर’ असं क्षणभर वाटून मागे सरकणं, हे अगदी सामान्य आहे. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ४३१ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनात आत्महत्येचा विचार कधीच आला नव्हता, अशांपैकीही निम्म्याच्या आसपास लोकांनी ही उंचावरची ओढ अनुभवली होती. संशोधकांचा तर्क असा, की शरीर धोका ओळखून झटकन मागे येतं, आणि ‘मी मागे का आलो?’ याचा मागाहून अर्थ लावताना मन म्हणतं, ‘बहुतेक उडी मारावीशी वाटली असेल.’

पण मरण म्हणजे सुटका वाटतेय, मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल असं वाटतंय, कसं आणि कधी याचा विचार चाललाय, साधनांची जुळवाजुळव किंवा निरवानिरव सुरू झालीये, तर या धाग्यातला ‘सोडून द्या’ हा सल्ला तुमच्यासाठी नाही. त्याच दिवशी जवळच्या कुणाला तरी सांगा, एकटे राहू नका, तातडीची वैद्यकीय मदत घ्या. दोन्ही प्रकारचे विचार एकाच माणसाला असू शकतात हेही लक्षात ठेवा. आपला विचार कुठल्या प्रकारचा हे समजत नसेल, तर ते ठरवायचं काम तज्ज्ञावर सोपवा.

बाळंतपणानंतरच्या विचारांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण तिथे लाज सगळ्यात जास्त असते. २००८ मध्ये कॅनडात ९१ नव्या आयांचा अभ्यास झाला. बाळाला अपघाताने काही होईल असे विचार जवळपास सगळ्यांनाच आले होते, आणि आपणच मुद्दाम इजा करू असे नकोसे विचार सुमारे निम्म्या जणींना. यातल्या बहुतेकींनी हे कुणाला सांगितलंही नसतं. मात्र आई गोंधळलेली दिसतेय, रात्र रात्र झोपत नाही तरी थकवा नाही, कुणीतरी आज्ञा देतंय असे आवाज ऐकू येतात, बाळाबद्दल विचित्र समजुती पक्क्या झाल्यात आणि त्यांची तिला भीतीही वाटत नाही, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार आहे. तिथे तासांचाही उशीर करू नये.

उलटतपासणी

समर्थन आणि भीती हा फरक पटला. तो मूळ लेखात वर घ्यावा असं सुचवतो.

निवांत

सर्व मतांचा आदर ठेवून लिहितो. आमच्या पिढीने असले चोचले केले नाहीत. वाईट विचार आला की ताबडतोब चांगला विचार आणायचा, नामस्मरण करायचं किंवा कामात गुंतून घ्यायचं. मनगटात रबरबँड घालून वाईट विचाराला एक चटका द्यायचा, हा उपाय तर एका डॉक्टरांनीच माझ्या परिचितांना सांगितला होता. सकारात्मक राहा, सगळं ठीक होतं.

पाऊलवाट

निवांतकाका, रबरबँडचा उपाय खरोखरच एके काळी प्रचलित होता. विचार आला की मनात किंवा मोठ्याने ‘थांब’ म्हणायचं आणि चटका घ्यायचा. ओसीडीसाठी तो आता मागे पडलाय आणि कारण वर आलंच आहे, चटका द्यायचा तर पहारा ठेवावा लागतो.

कामात गुंतणं वेगळं. विचार असतानाही मी हातातलं काम करतोय, हे उत्तमच. विचार जावा म्हणून काम शोधतोय आणि मधून मधून ‘गेला का?’ बघतोय, तर काम नावालाच.

अनवट

खाजवून खरूज काढणं म्हणतात ते हेच. मी ‘चांगला विचार आणा’ हे अनेक वर्षं केलंय. शेवटी प्रत्येक वाईट विचारामागे एक ठरावीक चांगलं वाक्य, तेही ठरावीक वेळा, आणि मध्ये कुणी हाक मारली तर पुन्हा मोजायचं. बाहेरून बघणाऱ्याला मी नुसती शांत बसलेली दिसायचे.

नामस्मरणाबद्दल मला वाद घालायचा नाही. ज्याला त्यातून आनंद मिळतो त्याने जरूर करावं. पण ते वाईट विचार पुसायचं फडकं झालं की त्यातला आनंद जातो, हे रातकिडा यांनी वर लिहिलंच आहे.

निवांत

अनवटताई, हे वेगळंच ऐकतोय. मोजण्याचा भाग वाचून आमच्या घरातल्याच एका व्यक्तीची आठवण झाली. विचार करतो.

काठावरची

माझा प्रश्न दुसऱ्या बाजूचा आहे. त्रास मला नाही, नवऱ्याला आहे. त्याला सतत वाटतं की त्याने कुणाला तरी दुखावलं, कुणाला तरी चुकीचा स्पर्श झाला, कुणाशी तरी वाईट वागला. मग तो मला विचारतो, ‘मी तसा माणूस नाहीये ना?’ मी म्हणते, ‘अजिबात नाही.’ त्याचा चेहरा उजळतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी वैतागून बोलले तर त्याला वाटतं मला संशय आला. न बोलले तरी तेच. शांतपणे समजावलं तर तेवढ्यापुरतं. मी काय बोलायचं?

मध्यमा

काठावरची, घरच्यांना सगळ्यात जास्त जड जाणारी गोष्ट हीच असते. ‘नाही रे, तू चांगला आहेस’ हे उत्तर प्रेमाचंच आहे, पण आजाराच्या हिशेबात ते हात धुण्यासारखं किंवा कडी तपासण्यासारखं काम करतं. क्षणभर हायसं वाटतं, आणि पुढच्या वेळी हायसं वाटायला तुमचं उत्तर पुन्हा लागतं.

अचानक उत्तर देणं बंद करू नका, ती शिक्षा वाटते. तो बरा असताना, विचारांच्या तडाख्यात नसताना, दोघांनी बसून ठरवा. मग तो विचारेल तेव्हा म्हणता येईल, ‘तुला आत्ता फार भीती वाटतेय हे दिसतंय मला. या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही असं आपण ठरवलंय. चल, मी इथेच आहे.’ भीतीला साथ द्यायची, प्रश्नाला नाही. सुरुवातीला त्याची अस्वस्थता वाढेल, तुम्हालाही अपराधी वाटेल. तो उपचार घेत असेल तर थेरपिस्टला विचारून एखाद्या सत्रात तुम्हीही बसा.

आणि हे प्रश्न कधी कधी वेश बदलून येतात. ‘काल त्या बाईंनी मला बघून तोंड का वळवलं असेल?’ हासुद्धा तोच प्रश्न असू शकतो.

काठावरची

शेवटचं वाक्य वाचून हसूच आलं. अगदी शब्दशः हेच परवा झालं. धन्यवाद, आज रात्री बोलते त्याच्याशी.

शून्यप्रहर

मी उपचार पूर्ण केलेत, त्यामुळे प्रत्यक्षात काय करतात ते लिहिते. वाचून फार भयंकर वाटतं, तेवढं नसतं. सोपंही नसतं.

माझा विषय गाडी. रस्त्यात खड्ड्याचा दणका बसला की वाटायचं कुणाला तरी उडवलं. आरशात बघायचं, गाडी वळवून परत जायचं, रस्ता तपासायचा, घरी येऊन बातम्या चाळायच्या. पुढे पुढे गाडी चालवणंच सोडलं. या उपचाराला ईआरपी म्हणतात, भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची प्रतिक्रिया रोखायची. १९६६ साली व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये त्याची सुरुवात केली, आणि आज ओसीडीसाठी सगळ्यात आधी सुचवल्या जाणाऱ्या उपचारांत तो आहे.

आधी यादी केली. कुठली गोष्ट किती त्रासदायक, ० ते १०० मध्ये आकडा. रिकाम्या रस्त्यावरून दिवसा जाणं खालच्या पायरीवर, रात्री पावसात शाळेच्या रस्त्याने जाणं वर. खालून सुरुवात. नियम एकच, परत फिरायचं नाही. दणका बसला, छाती धडधडली, तरी पुढे जायचं. थेरपिस्टने कधीच ‘तुम्ही कुणाला उडवलं नाही’ असं म्हटलं नाही. सुरुवातीला मला तिचा रागच यायचा. ती म्हणायची, ‘कदाचित उडवलं असेल. कदाचित नसेल. आज आपण हे न कळता जेवायला बसणार आहोत.’

खरी मेख यापुढे आहे. गाडी न वळवणं मी लवकर शिकले. पण घरी आल्यावर डोळे मिटून सगळा रस्ता आठवायचा, कुठल्या वळणावर कोण होतं, दणका नेमका कुठे बसला, हे मनातल्या मनात चालूच राहायचं. हीसुद्धा तपासणीच होती, फक्त कुणाला न दिसणारी. ज्यांना बाहेरून काहीच कृती नसते, त्यांना वाटतं आपल्याला नुसतेच विचार आहेत. बहुतेकांच्या बाबतीत शोधलं की अशी मनातली कृती सापडते. उजळणी, स्वतःशी वाद, मनातल्या मनात माफी मागणं, ‘मला त्यात काही वाटलं का’ हे शरीराकडे बघून तपासणं, इंटरनेटवर शोधणं. हे धागे पुन्हा पुन्हा वाचणंसुद्धा, हे हळूच सांगते.

भीती दर वेळी खाली येतेच असंही नाही. आधी मी घड्याळ लावून वाट बघायचे, आता उतरेल, मग उतरेल. नंतर कळलं की ती उतरली नाही तरी माझी संध्याकाळ पार पडते.

औषधंही घेतली. ओसीडीसाठी नैराश्याची म्हणून ओळखली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं देतात, बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत, आणि पूर्ण परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. दोन आठवड्यांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे बरेच असतात. सुरू करणं, वाढवणं, थांबवणं, सगळं डॉक्टरांना विचारूनच.

अनवट

शून्यप्रहर, मनातल्या उजळणीबद्दल लिहिलंत ते कापून ठेवण्यासारखं आहे.

एक विचारायचं होतं. ध्यानाने माझा त्रास आधी वाढला. श्वासाकडे लक्ष द्यायला बसले की सगळे विचार रांग लावून यायचे. इतरांना तसं झालं का?

पाऊलवाट

मलाही झालं. रिकामं मन मिळावं म्हणून बसलो की अस्वलाचाच प्रयोग होतो. विचार आला, आलाय हे दिसलं, त्याला उत्तर दिलं नाही, एवढंच करायला बसलो तेव्हा उपयोग झाला. मी मनात एवढंच म्हणतो, ‘माझ्या मनात असा विचार येतोय, की मी त्याला ढकलीन.’ वाक्याला हे शेपूट लावलं की विचार आणि मी यांच्यात थोडी जागा होते. पण ध्यानाने ओसीडी बरा होतो असं कुणी सांगत असेल तर त्यावर जाऊ नये. फार त्रास होत असताना एकट्याने लांबलचक ध्यानाला बसूही नये.

उलटतपासणी

पुन्हा एकदा खोड काढतो. ‘येऊ दे’ म्हणायचं, ‘असा विचार येतोय’ म्हणायचं, ‘कदाचित असेल, कदाचित नसेल’ म्हणायचं. हाच नवा मंत्र होणार नाही कशावरून? अनवट आधी चांगलं वाक्य मोजायच्या, आता हे मोजतील.

मध्यमा

होतं, अगदी तसंच होतं. आम्ही सत्रात हे नेहमी बघतो. ‘येऊ दे’ म्हटल्यावर माणूस लगेच आत डोकावून बघत असेल की गेला का, तर तो दाबतोच आहे, फक्त शब्द सौम्य झालेत. ओळखायची एक खूण सांगते. ते वाक्य म्हणायचं राहून गेलं तर अस्वस्थ वाटतं का? वाटत असेल तर वाक्य सोडून द्या. काहीच म्हणायचं नाही, भांडी घासत होतात तर घासत राहा.

अनवट

आता भांडी घासणं मोजू नये म्हणजे झालं.

वाचनमात्र

बरेच दिवस नुसती वाचतेय, आज लिहिते. ओसीडी म्हणायला किती त्रास व्हावा लागतो? मला असे विचार येतात, वाईट वाटतं, पण दिवस अडत नाही. परीक्षेच्या आधी आणि झोप झाली नसेल तेव्हा जास्त.

मध्यमा

ढोबळ निकष असा, की हे विचार आणि त्यांच्यापायी केलेल्या कृती यांत दिवसाचा एक तासाहून जास्त वेळ जातो, किंवा त्यांचा फार त्रास होतो, किंवा काम, शिक्षण, नाती यांत अडथळा येतो. आयुष्यात कधीतरी ओसीडी होणाऱ्यांचं प्रमाण २ ते ३ टक्क्यांच्या आसपास सांगतात. म्हणजे विचार बहुतेकांना, आजार थोड्यांना. ताण आणि अपुरी झोप यांनी विचार वाढणं अपेक्षितच आहे. आधी झोपेचं बघा.

आणि सगळेच नकोसे विचार ओसीडीचे नसतात. आघातानंतर घडून गेलेला प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो, त्याचे उपचार वेगळे आहेत. नैराश्यात ‘मी नालायक’ हे दळण चालतं, तेव्हा माणसाला ते विचार परके वाटत नाहीत, खरेच वाटतात.

रातकिडा

वर पहिला प्रतिसाद माझाच होता. सगळं वाचलं, काही दोनदा वाचलं. शून्यप्रहर, तुम्ही लिहिलंत म्हणून तिसऱ्यांदा वाचलं नाही.

डॉक्टरांकडे जायचं ठरवलंय. पण हे तोंडाने सांगायचं कसं? चित्रांबद्दल सांगितलं तर त्यांना काय वाटेल? त्यांनी घरी कळवलं तर?

शून्यप्रहर

मी पहिल्या दिवशी बोललेच नव्हते, कागद पुढे केला होता. त्यावर एवढंच होतं, ‘मला नको असलेले विचार येतात, ते घालवण्यात दिवस जातो, सांगायची लाज वाटते.’ पुढचं त्यांनी विचारलं.

मध्यमा

या क्षेत्रात काम करणाऱ्याने असे विचार आधी पुष्कळदा ऐकलेले असतात. धार्मिक, लैंगिक, हिंसक, तिन्ही. अनेक ठिकाणी येल-ब्राउन नावाची प्रश्नावली वापरतात. तिच्यासोबत विचारांची एक लांबलचक यादी असते, त्यात खुणा करायच्या. तुमचा विचार त्या यादीत आधीच छापलेला आढळण्याची शक्यता बरीच आहे. गुप्ततेबद्दल सुरुवातीलाच स्पष्ट विचारा, ‘मी सांगितलेलं कुणाला आणि कधी कळवलं जातं?’ नियम जागोजागी वेगळे असतात, आणि हा प्रश्न विचारल्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

समोरच्याने ‘असे विचार करूच नका’ एवढंच सांगून पाठवलं, तर दुसरा तज्ज्ञ शोधा. ईआरपी करता का, असं थेट विचारून वेळ घ्या.

आणि प्रार्थनेबद्दल, उपचारांत कुणी तुमची श्रद्धा काढून घेत नाही. शिवी आली तरी पहिल्यापासून सुरू न करता प्रार्थना पुढे नेणं, इतकंच बहुधा शिकवलं जाईल. हवं तर तुमच्या विश्वासातल्या धर्मगुरूंनाही आधी एकदा विचारा, की अशी प्रार्थना चालते का. एकदाच मात्र.

रातकिडा

एकदाच, हे का लिहिलंत ते कळलं.

वेळ घेतली आहे, शुक्रवारची. कागदावर दोन वाक्यं लिहून झालीत. तिसरं चित्रांबद्दलचं आहे, ते लिहायचं की नाही हे ठरत नाहीये.

मध्यमा

दोन पुरेत. तिसरं तिथे बोलता बोलता निघेल. नाही निघालं तर पुढच्या वेळी.